सैल सांधे आणि कंबरदुखी: इंजेक्शन कुठलं, कुठे आणि कधी?

फोंडा_फिजिओ

नमस्कार. व्यायामासाठी येणाऱ्या एका रुग्णाबद्दल विचारायचं आहे. वय ३१, वजन ५२ किलो, मधुमेह नाही, एक बाळंतपण झालेलं. सांधे लहानपणापासून सैल आहेत. बायटन गुण (सांधे किती सैल ते मोजणारा) ९ पैकी ७: दोन्ही करंगळ्या ९० अंशांच्या मागे जातात, दोन्ही अंगठे मनगटाला टेकतात, दोन्ही कोपरं उलटी वळतात, आणि गुडघे न वाकवता तळवे जमिनीला टेकतात. गुडघे मात्र मागे जात नाहीत.

कंबर दोन वर्षं दुखते आहे. जागा एका बोटाने दाखवता येते: उजवीकडची कमरेखालची खळी आणि तिच्या थोडं खाली. बसून उठताना, एका पायावर उभं राहून सलवार चढवताना, स्कूटर स्टँडवर घेताना आणि आदोळीवर बसून नारळ खवणला की नंतर तासभर दुखतं. कळ गुडघ्याखाली जात नाही, मुंग्या नाहीत, खोकल्याने वाढत नाही. त्रिकास्थी सांध्याच्या (मणक्याच्या तळाचं त्रिकोणी हाड आणि कमरेचं हाड यांना जोडणाऱ्या सांध्याच्या) पाच ताण-चाचण्यांपैकी चार पॉझिटिव्ह आल्या. एमआरआयमध्ये एल-५ एस-१ची (कमरेच्या शेवटच्या मणक्याखालची) गादी जराशी फुगलेली आहे, नस दबलेली नाही.

एका ठिकाणी एपिड्युरल (मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या जागेत द्यायच्या) स्टिरॉइडच्या तीन इंजेक्शनांचा ‘कोर्स’ सांगितला आहे, दुसरीकडे साखरेच्या पाण्याचं, म्हणजे प्रोलोथेरपीचं इंजेक्शन. घरचे गोंधळलेत आणि मलाच विचारतात. सैल लिगामेंटच्या (हाडांना जोडणाऱ्या बंधांच्या) रुग्णाला यातलं काय द्यावं, कोणत्या क्रमाने, आणि काय टाळावं?

सुई_आणि_सीआर्म (भूलतज्ज्ञ, वेदना उपचार)

तुम्ही जे लिहिलंय त्यावरून एपिड्युरलचं कारण मला दिसत नाही. एपिड्युरल स्टिरॉइडचा उपयोग सुजलेल्या, दबलेल्या नसेवर. म्हणजे कळ मांडीतून पोटरीत, पावलात उतरते तेव्हा. इथे नस मोकळी आहे आणि दुखणं खळीपाशी थांबतं. एमआरआयमध्ये फुगलेली गादी दिसली म्हणून तिथे औषध सोडणं म्हणजे फोटोवर उपचार करणं. तिशीच्या पुढच्या कितीतरी माणसांच्या एमआरआयमध्ये अशी गादी दिसते आणि त्यांची कंबर अजिबात दुखत नाही.

‘तीनचा कोर्स’ हा शब्दच सोडून द्यावा असं मला कळकळीने वाटतं. पहिल्या इंजेक्शनाने काहीच फरक पडला नाही तर जागा चुकली आहे किंवा निदान. तेच औषध त्याच जागी आणखी दोनदा घालून उपयोग नाही. आणि लिगामेंट मुळात कमकुवत असलेल्या शरीरात स्टिरॉइड वारंवार गेलं की कोलॅजन आणखी विरतं. इतरांना भरून येणारं नुकसान या रुग्णांना महाग पडतं.

आधी सांधा खरंच दुखतोय का याची खात्री करा. चार चाचण्या पॉझिटिव्ह आल्या म्हणजे संशय पक्का, पण सिद्ध झालेलं नाही. त्यासाठी निदानाचं इंजेक्शन असतं, फक्त बधिर करण्याच्या औषधाचं, स्टिरॉइड न घालता. रुग्णाला पालथं झोपवून पोटाखाली उशी. सी-आर्म (चालू क्ष-किरण चित्र दाखवणारं यंत्र) थोडा तिरका करत न्यायचा, सांध्याच्या पुढच्या आणि मागच्या कडा खालच्या टोकाशी एका रेषेत येईपर्यंत. २२ गेजची साडेतीन इंची स्पायनल सुई सांध्याच्या खालच्या एक-दोन सेंटिमीटरमध्ये शिरवायची. आत शिरल्याचं हाताला कळतं: हाडाचा टणकपणा सुटतो आणि सुईचं टोक किंचित वळतं. मग ०.२ ते ०.५ मिली कॉन्ट्रास्ट (क्ष-किरणात दिसणारं द्रव). पडद्यावर सांध्याची बारीक रेघ उमटली तरच पुढे जायचं. ढगासारखं पसरलं तर सुई बाहेर आहे. शेवटी बधिर औषध दीड ते दोन मिली, त्यापेक्षा जास्त नाही. सांध्यात जागाच तेवढी असते. जास्त घातलं की पुढच्या बाजूने गळून नसांवर जातं, मग पाय जड होतो आणि निदानही बिघडतं, कारण नक्की काय बधिर झालं ते कळत नाही.

क्ष-किरण वापरतो म्हणून गर्भधारणेची चाचणी त्याच दिवशी सकाळी. हे सांगायला लोक विसरतात.

यानंतरचं काम रुग्णाचं, आणि ते सर्वांत महत्त्वाचं आहे. घरी जाऊन झोपायचं नाही. दर अर्ध्या तासाने, सहा तास, दुखणं १० पैकी किती ते कागदावर लिहायचं आणि ज्या हालचालींनी दुखतं त्याच मुद्दाम करायच्या: बसून उठणं, एका पायावर उभं राहणं, आदोळीवर बसणं. दुखणं तीन चतुर्थांश किंवा जास्त उतरलं तर सांधा दोषी. अर्धवट उतरलं तर फॅसेट सांधे (मणक्यांना मागून जोडणारे छोटे सांधे) किंवा सांध्यामागची लिगामेंट यांचा विचार करायचा. काहीच फरक नाही तर त्रिकास्थीचा सांधा यादीतून काढून टाकायचा. त्या दिवशी दुखणं कमी करणारी गोळी घ्यायची नाही, नाहीतर कागदाला अर्थ राहत नाही.

सुई_आणि_सीआर्म

आता प्रोलोथेरपी. यात जादू नाही आणि निव्वळ फसवणूकही नाही. कल्पना अशी की लिगामेंट जिथे हाडाला चिकटतं तिथे दाट डेक्स्ट्रोजने (साखरेच्या द्रावणाने) थोडी जळजळ उठवायची, आणि ती भरून येताना जागा घट्ट व्हावी.

पुरावा मात्र जसा आहे तसाच रुग्णाला सांगावा. नेहमीच्या जुनाट कंबरदुखीवर फक्त प्रोलोथेरपीचा फायदा सिद्ध होत नाही असं २००७च्या कोक्रेन आढाव्याचं (अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासाचं) म्हणणं आहे. व्यायाम आणि इतर उपचारांची जोड असेल तर कदाचित उपयोग होतो. २००४ सालच्या ११० रुग्णांच्या चाचणीत डेक्स्ट्रोजवाले सुधारले, पण सलाइन टोचलेलेही तेवढेच सुधारले. याउलट २०१० सालच्या एका छोट्या कोरियन चाचणीत, बधिर औषधाने त्रिकास्थीचा सांधाच दुखतो हे आधी ठरवून मग त्यात २५ टक्के डेक्स्ट्रोज दिलं. १५ महिन्यांनी ५८.७ टक्के लोकांचा आराम टिकला होता, स्टिरॉइड दिलेल्यांत १०.२ टक्के. यातून मी काढलेला अर्थ एवढाच: आधी जागा पक्की करा, मग टोचा. कंबर दुखते म्हणून कमरेत सरसकट टोचलं तर साखर आणि मीठ सारखंच.

द्रावण कसं बनवतात तेही लिहितो, कारण ‘साखरेचं पाणी’ ऐकून लोक घाबरतात किंवा हसतात. आपल्याकडे २५ टक्के डेक्स्ट्रोज सहज मिळतं. ६ मिली ते, २ मिली दोन टक्क्यांचं लिग्नोकेन (बधिर करण्याचं औषध) आणि २ मिली सलाइन, असे १० मिली केले की डेक्स्ट्रोज १५ टक्के आणि लिग्नोकेन ०.४ टक्के होतं. लिगामेंटसाठी एवढं पुरे. सुईचं टोक हाडाला टेकवून एका जागी अर्धा ते एक मिली. जागा: खळीतल्या हाडाच्या उंचवट्याची आतली कड, तिथून खाली उतरणारं लांब लिगामेंट, आणि कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवरचं इलिओलंबर लिगामेंट. सगळं मिळून १० ते १५ मिली. १५ मिलीमध्ये साखर सव्वादोन ग्रॅम, म्हणजे चहाच्या एका चमच्याहूनही कमी. लिग्नोकेन ६० मिलीग्रॅम. ५२ किलोच्या माणसाला साडेचार मिलीग्रॅम दर किलोने मर्यादा २३४ मिलीग्रॅम पडते, म्हणजे सुरक्षित अंतर भरपूर.

चूक होते ती दोन ठिकाणी. हाडाला न टेकवता औषध सोडलं की ते स्नायूत आणि चरबीत जातं आणि आठवडाभर नुसतंच दुखतं. आणि खोली न बघता लांब सुई आत नेली तर नको तिथे पोचते. पाठीच्या वरच्या भागात, बरगड्यांजवळ, फुप्फुसाला छिद्र पडण्याचा धोका खरा आहे.

टोचल्यावर दोन-तीन दिवस दुखणं वाढतं. ते अपेक्षित आहे. पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० चालतं, दिवसाला ३ ग्रॅमच्या आत. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, असेक्लोफेनॅक दोन आठवडे नको, कारण जी जळजळ मुद्दाम उठवली तीच ही औषधं विझवतात. पुढचं सत्र चार आठवड्यांनी. तिसऱ्या सत्रापर्यंत बसण्या-उठण्यात फरक नाही तर थांबावं.

फोंडा_फिजिओ

इतकं सविस्तर लिहिलंत, देव बरे करू. एक गोष्ट सांगायची राहिली होती. दाताच्या डॉक्टरांकडे बधिर करण्याचं इंजेक्शन तिला नीट लागू पडत नाही, दहा-पंधरा मिनिटांत जागा पुन्हा दुखायला लागते. याचा कमरेच्या इंजेक्शनाशी काही संबंध?

सुई_आणि_सीआर्म

आहे, आणि ही माहिती फाइलच्या पहिल्या पानावर लिहायला हवी. एहलर्स-डॅनलॉस (जन्मजात कमकुवत कोलॅजनचा विकार) आणि सैल सांध्यांच्या रुग्णांत लिग्नोकेनसारखी औषधं कमी चढतात किंवा लवकर उतरतात, हे बऱ्याच जणांत दिसतं. निदानाचं इंजेक्शन दिलं, औषध लवकर उतरलं आणि ‘फरक पडला नाही’ असं लिहिलं गेलं, तर दोषी सांधा निर्दोष सुटेल. म्हणून या रुग्णाने पहिल्या तासात दर दहा मिनिटांनी नोंद करावी. आणि आधी हाताच्या त्वचेत थोडं लिग्नोकेन टोचून किती वेळ बधिर राहतं ते बघता येतं. वेळ फार कमी निघाला तर बुपिवाकेन निवडायचं. मात्रा वाढवून भरपाई करायची नाही, दीड-दोन मिलीची मर्यादा तीच राहते. २३४ मिलीग्रॅमचा हिशेब लिग्नोकेनचा आहे, बुपिवाकेनची मर्यादा त्याहून बरीच कमी असते.

दुसरं, एपिड्युरलच्या विरोधात आणखी एक कारण. संयोजी ऊतींच्या (शरीराला बांधून ठेवणाऱ्या ऊतींच्या) विकारांत मज्जारज्जूभोवतीचं आवरण पातळ आणि ताणलेलं असू शकतं. मार्फनमध्ये (अशाच एका जन्मजात विकारात) तर कमरेखाली ते फुग्यासारखं रुंद झालेलं वरचेवर आढळतं. अशा ठिकाणी सुई लागली की छिद्र लवकर बुजत नाही, मज्जारज्जूभोवतीचं पाणी झिरपत राहतं. लक्षण ठरलेलं: उभं राहिलं की डोकं फुटल्यासारखं दुखतं, आडवं झालं की काही मिनिटांत उतरतं. असं झालं तर आडवं पडून राहणं, भरपूर पाणी, चहा-कॉफी. दोन-तीन दिवसांत उतरलं नाही तर रुग्णाचंच १५-२० मिली रक्त एपिड्युरल जागेत सोडून छिद्र बंद करतात. म्हणून कधी पुढे नसेसाठी एपिड्युरल लागलंच, तर एमआरआयमध्ये त्रिकास्थीपर्यंतचं आवरण कसं आहे हे मुद्दाम विचारून घ्या. रिपोर्टमध्ये ते बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं.

डिचोली_फार्मसी

औषधांच्या बाजूने दोन शब्द.

स्टिरॉइड सगळी एक नव्हेत. ट्रायमसिनोलोन आणि मिथाइलप्रेडनिसोलोन दुधासारखी पांढरी असतात, बाटली ठेवली की तळाशी साका बसतो. ते कण आहेत. असा कण चुकून मज्जारज्जूच्या बारीक धमनीत गेला तर ती तुंबते. डेक्सामेथासोन पाण्यासारखं स्वच्छ असतं, कण नाहीत, म्हणून नसेच्या मुळाशी देताना जाणकार तेच पसंत करतात. एपिड्युरल स्टिरॉइडमुळे क्वचित पण गंभीर मज्जासंस्थेची इजा होते असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने, एफडीएने, एप्रिल २०१४ मध्ये दिला होता. रुग्णाने ‘कुठलं स्टिरॉइड, किती मिलीग्रॅम’ विचारून डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावं. पुढच्या डॉक्टरला वर्षभरात एकूण किती गेलं ते कळतं. शरीरावर कुठेही दिलं तरी बेरीज एकच. खांद्याचं, टाचेचं, कमरेचं असे वेगवेगळे हिशेब नसतात.

पांढरं स्टिरॉइड त्वचेखाली उथळ पडलं तर तिथे खड्डा पडतो आणि कातडी पांढुरकी होते. पातळ, मऊ कातडीच्या रुग्णांत हे ठळक दिसतं.

एकदाच वापरायची छोटी बाटली घ्यावी. ३० मिलीच्या लिग्नोकेनच्या बाटलीत टिकवण्यासाठी पॅराबेन असतं आणि तिच्या रबरात दिवसभर सुया जातात. २०१२ मध्ये अमेरिकेत दूषित मिथाइलप्रेडनिसोलोनच्या इंजेक्शनांतून बुरशीचा मेंदुज्वर आणि इतर संसर्ग ७५० पेक्षा जास्त लोकांपर्यंत पोचले. इंजेक्शन देणाऱ्यांचा हात चांगला होता, बाटली खराब होती.

आणि हे जरा मोठ्याने सांगतो. इंजेक्शनानंतर ‘खबरदारी’ म्हणून पाच दिवसांचं अँटिबायोटिक बरेचदा लिहून मिळतं. निर्जंतुक पद्धतीने दिलेल्या साध्या इंजेक्शनाला ते लागत नाही. त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन किंवा ओफ्लॉक्सासिन असेल तर या रुग्णाने डॉक्टरांना दुसरं काही आहे का ते विचारावं. ही औषधं कंडरा तुटण्याला कारण होऊ शकतात. डिसेंबर २०१८ मध्ये एफडीएने सांगितलं की मार्फन आणि एहलर्स-डॅनलॉसच्या रुग्णांत महाधमनी फुगण्या-फाटण्याचा धोका असल्याने दुसरा पर्याय असताना ती देऊ नयेत. पोट बिघडलं की दुकानातून परस्पर नेली जाणारी ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची गोळी याच गटातली. घरात कुणाला सैल सांध्यांचा विकार असेल तर ती गोळी औषधांच्या डब्यात ठेवूच नका.

संधिवात_ओपीडी

एक टप्पा सगळे ओलांडून गेलात. त्रिकास्थीच्या सांध्याचं दुखणं ४५ वर्षांच्या आत सुरू झालं आणि तीन महिन्यांच्या वर टिकलं की अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस (मणका आणि त्रिकास्थीचे सांधे सुजवणारा संधिवात) आधी वगळायचा. विचारायचं एवढंच: सकाळी अर्ध्या तासाहून जास्त ताठरपणा असतो का? पहाटे दुखण्याने जाग येते का? चालल्या-फिरल्यावर बरं वाटतं आणि विश्रांतीने बिघडतं का? डोळा लाल होऊन दुखला होता का, सोरायसिस, आतड्याचा विकार? सैल सांध्यांचं दुखणं याच्या उलट वागतं: सकाळी त्यातल्या त्यात बरं आणि दिवसभराच्या वापराने संध्याकाळी वाईट. शंका असेल तर सीआरपी आणि एचएलए-बी२७ या रक्ताच्या तपासण्या, आणि त्रिकास्थीच्या सांध्यांचा स्टिर क्रमाचा (सूज दाखवणारा) एमआरआय. कमरेचा नेहमीचा एमआरआय हे सांधे नीट दाखवत नाही. त्याचा ‘नॉर्मल’ इथे धरू नका.

तो आजार निघाला तर इंजेक्शनच वेगळं. कमरेत नाही, पोटाच्या कातडीखाली. अडालिमुमॅब ४० मिलीग्रॅम दर दोन आठवड्यांनी, आणि सुरू करण्याआधी क्षयरोगाची तपासणी, छातीचा एक्स-रे आणि काविळीच्या ब व क विषाणूंची चाचणी. क्षयरोग आत दबलेला असेल तर हे औषध त्याला जागं करतं. साठवण २ ते ८ अंशांत, फ्रिजच्या दारात नाही आणि बर्फाच्या कप्प्याला चिकटूनही नाही. गोठलं की फेकायचं. पावसाळ्यात आमच्या पेडणे-सत्तरीकडे वीज गेली की फ्रिज उघडू नका, बंद फ्रिज काही तास थंडावा धरतो. नेताना बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळा, सिरिंजला थेट लावू नका.

तसंच, बायटन ७ म्हणजे एहलर्स-डॅनलॉस असं नव्हे. प्रौढांत ५ पासून सांधे सैल धरतात (पन्नाशीनंतर ४), पण २०१७च्या निकषांत त्वचा, हर्निया, घरातला इतिहास आणि इतर विकार वगळणं हेही येतं. उंची, लांब बोटं, डोळ्याचं भिंग सरकणं किंवा घरात कुणाचा अचानक मृत्यू असं काही असेल तर कुठल्याही सुईआधी इकोकार्डिओग्राम करून महाधमनीचं माप घ्यावं.

फोंडा_फिजिओ

ताठरपणा पाच-दहा मिनिटांचा, आणि संध्याकाळी जास्त दुखतं. डोळा, त्वचा, पोट काही नाही. इको करून घ्यायला सांगते. निदानाचं इंजेक्शन पॉझिटिव्ह आलं आणि प्रोलोथेरपी झाली तर व्यायाम कधीपासून? की सांधा ‘बसू द्यायचा’?

कमर_आणि_कुल्हा (फिजिओ, म्हापसा)

बसू द्यायचा नाही. इथेच बहुतेकांचं हातचं जातं. इंजेक्शनाने दुखणं उतरतं, रुग्ण खूश होऊन घरची सगळी कामं एकदम काढतो किंवा भीतीने महिनाभर झोपून राहतो. दोन्हींत सांधा होता तिथेच.

पहिले दोन दिवस घरात चालणं, पोटाच्या आतल्या स्नायूचं हलकं आकसणं (श्वास न रोखता, १० सेकंद, १० वेळा). तिसऱ्या दिवसापासून आडवं होऊन दोन्ही पाय टेकवून कंबर उचलणं, गुडघ्यांत उशी दाबून धरणं. दुसऱ्या आठवड्यात कुशीवर झोपून वरचा गुडघा उघडणं, रबर पट्ट्याशिवाय. चौथ्या आठवड्यात पट्टा. एका पायावर उभं राहणं सर्वांत शेवटी, भिंतीचा आधार घेऊन, आरशासमोर, कारण या रुग्णांना आपला सांधा कुठे आहे हे नीट जाणवत नाही. डोळ्यांनी बघितलं तरच दुरुस्त करतात.

ताणाचे व्यायाम पूर्ण बंद. हे सांगताना रुग्ण नाराज होतात, कारण त्यांना योगासनं उत्तम जमतात आणि ताणल्यावर क्षणभर मोकळं वाटतं. पण पश्चिमोत्तानासनात कपाळ गुडघ्याला टेकतं तेव्हा स्नायू नाही, लिगामेंट ताणलं जातं. कंबर ‘कटकन बसवून’ घेणंही बंद.

त्रिकास्थीचा पट्टा खळीच्या खाली, खुब्याच्या हाडांच्या पातळीवर बांधायचा. दुकानात मिळणारा रुंद कमरेचा पट्टा पोटावर बसतो, त्याचा इथे उपयोग नाही. चालताना आणि उभ्याने काम करताना बांधा, झोपताना काढा, सहा आठवड्यांनी हळूहळू सोडवा. आणि आदोळी उचलून ओट्यावर ठेवा. उभ्याने खवणता येतं, एवढ्यानेच रोजचा तासभराचा त्रास वाचेल.

सुई_आणि_सीआर्म

वरच्याशी पूर्ण सहमत. घरी परतण्याबद्दल एक: सांध्यातलं औषध पुढे गळलं तर उजवा पाय दोन ते चार तास लुळा वाटू शकतो. ते उतरतं, पण तोवर दुचाकी नाही, पायलटच्या (भाड्याच्या मोटरसायकलच्या) मागे बसून नाही, कदंब बसच्या पायऱ्या एकट्याने नाही. सोबत माणूस आणि चारचाकी हवी.

गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा (आरोग्य विमा) योजनेचं कार्ड असेल तर डॉक्टरांकडून प्रक्रियेचं नेमकं नाव कागदावर घेऊन योजनेच्या खिडकीवर आधी दाखवा. ‘कमरेचं इंजेक्शन’ एवढं सांगितलं तर उत्तर चुकीचं मिळेल.

आणि हे तिच्या घरच्यांना छापून द्या: ताप आणि टोचल्या जागी वाढती ठसठस, बधिर औषध उतरल्यावरही टिकणारी किंवा वाढणारी पायातली अशक्तता, लघवी अडकणं किंवा नकळत होणं, बसायच्या जागेची बधिरता. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. रात्र असली तरी बांबोळीच्या सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीला थेट जायचं, आणि इंजेक्शनाचा कागद बरोबर न्यायचा.

फोंडा_फिजिओ

एपिड्युरलची तारीख रद्द करायला सांगितली आहे. इको आणि गर्भधारणेची चाचणी ठरली, नोंदीचा तक्ता मी दहा-दहा मिनिटांचा करून देते.